पायरसीचा कायदा एका देशाचा, साइट बंद सगळ्या जगाची? विरोध नक्की कशाला करायचा

सह्यकडा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडतोय, जरा लांबण लागेल.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये झोई लॉफग्रेन बाईंनी एक विधेयक मांडलं, फॉरेन अँटी-डिजिटल पायरसी अ‍ॅक्ट. परदेशातल्या पायरसी साइट अमेरिकेत ब्लॉक करायच्या, त्यासाठी मोठ्या इंटरनेट कंपन्या आणि डीएनएस (साइटचं नाव टाकलं की तिचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) पुरवणाऱ्यांना कोर्टाचा आदेश द्यायचा. मला धक्का बसला तो नावामुळे, कारण ह्याच बाई २०१२ ला सोपा ह्या अशाच पायरसीविरोधी विधेयकाच्या विरोधात पार पुढच्या फळीत होत्या.

ज्यांना सोपा-पिपा आठवत नाही त्यांच्यासाठी: ऑक्टोबर २०११ मध्ये टेक्ससच्या लामार स्मिथनी सोपा आणला, सिनेटमध्ये पॅट्रिक लेहींचा पिपा आधीच होता. रोख परदेशी साइटवर. परदेशातल्या माणसाला हात लावता येत नाही ना, मग त्याचा पत्ता डीएनएसमधून काढा, गुगलमध्ये दिसू देऊ नका, जाहिराती तोडा, कार्डाने येणारे पैसे तोडा. इंटरनेटची मूळ बांधणी केलेल्या मंडळींसह ८३ इंजिनियरांनी काँग्रेसला पत्र लिहिलं की डीएनएसशी असा खेळ केलात तर सुरक्षेचीच वाट लागेल. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळा, गुगलच्या याचिकेवर ७० लाख सह्या, आणि २० तारखेला दोन्ही विधेयकं बासनात.

माझं म्हणणं असं की तेव्हा लोक रस्त्यावर आले ते फुकट सिनेमे बघायला मिळावेत म्हणून नाही. एका देशातल्या संसदेनं केलेला कायदा, ज्याला मत द्यायचा मला अधिकार नाही, तो माझ्या घरातल्या इंटरनेटवर लागू होणार, ह्याला विरोध होता. तो विरोध आता कुठे गेला? आणि आपण भारतात बसून ह्यावर काही बोलायचं की नाही? तुमचे अनुभव सांगा.

चिंगी
विकिपीडिया काळा झालेला दिवस पक्का आठवतो, हॉस्टेलवर दुसऱ्या दिवशी असाइनमेंट द्यायची होती. अख्ख्या बॅचनं एकीच्या वहीतून उतरवलं, म्हणजे पायरसीविरोधी कायद्यामुळे पायरसी वाढली हाहा

शाईपेन
सह्यकडा, विषय चांगला आहे पण मला दुसरी बाजू मांडायचीय आणि जरा रागानंच मांडणार आहे.

माझं पुण्यात छोटं प्रकाशन आहे. आम्ही हजाराची आवृत्ती काढतो, ती संपायला दोन-तीन वर्षं लागतात, ग्रंथालयांची खरेदी लांबली तर आणखी. पुस्तक बाजारात आलं की काही आठवड्यांत टेलिग्रामवर त्याची पीडीएफ. मोबाइलनं एकेक पान काढलेलं, कडेला पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा दिसतो. आणि खाली शेकडो "धन्यवाद सर", "सर दुसरा भाग पण टाका ना". लेखिका बहात्तर वर्षांची, तिनं स्वतः मला फोन करून विचारलं की अगं हे लोक मला धन्यवाद का नाही म्हणत.

तक्रार केली. फॉर्म इंग्रजीत, मीच मालक आहे ह्याची शपथ, करारनाम्याची प्रत, सगळं दिलं. चॅनेल बंद झालं आणि लगेच त्याच नावापुढे दोनचा आकडा लावून पुन्हा सुरू. कंपनी परदेशात, सर्व्हर कुठे आहेत कुणाला ठाऊक, पोलीस स्टेशनला विचारलं तर ते म्हणाले मॅडम हे आमच्या हद्दीत येत नाही. मग सीमा ओलांडणारा कायदा नको म्हणजे मी नक्की कुणाकडे जायचं ते पण सांगा.

संकलक_रवी
शाईपेन ताई +१.
मी मराठी सिनेमाचं एडिटिंग करतो. आमच्या सिनेमाला पहिला आठवडा मिळतो आणि त्यातही दुपारी बाराचे शो. शुक्रवारी संध्याकाळी कॅमेरा प्रिंट आलेली असते, पुढच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यासकट. २०२३ ला सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली, तीन महिने ते तीन वर्षं कैद, किमान ३ लाख दंड आणि वरती निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. कागदावर कडक आहे. पण थिएटरात बसून शूट करणारा पोरगा फार तर सापडेल, साइट चालवणारा कुठल्या देशात बसलाय ते कोण शोधणार.

वकीलनाना
थोडा फरक करूया नाहीतर चर्चा भरकटेल.

सीमेपलीकडे कायदा पोचण्याचे दोन-तीन वेगळे प्रकार आहेत. एक, माणसालाच उचलून नेणं. रिचर्ड ओड्वायरचं प्रकरण बघा. शेफिल्डचा विद्यार्थी, टीव्हीशॅक नावाची साइट चालवायचा, स्वतःकडे एकही फाइल नाही, फक्त दुसरीकडच्या लिंक. जून २०१० ला अमेरिकेनं डोमेन (साइटचं नाव) जप्त केलं आणि पुढच्या वर्षी त्याचं प्रत्यार्पण मागितलं. तो कधी अमेरिकेत जाऊन हे उद्योग करत नव्हता, सर्व्हरही तिथे नव्हते. आणि ब्रिटनमध्ये लिंक देणाऱ्या अशाच एका साइटवरचा खटला ग्लॉस्टरच्या कोर्टात २०१० लाच निकालात निघाला होता, आरोपी सुटले होते. म्हणजे स्वतःच्या देशात गुन्हा ठरेल की नाही ह्याचीच शंका, आणि पोराला तिकडे पाठवायचं! जानेवारी २०१२ ला वेस्टमिन्स्टरच्या कोर्टानं हो म्हटलं, मार्चमध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी सही केली. मग विकिपीडियाचे जिमी वेल्स याचिका घेऊन उतरले, दोन लाखांच्या वर सह्या झाल्या, आईनं देशभर रान उठवलं. शेवटी नोव्हेंबर २०१२ ला तडजोड, २० हजार पौंड भरले आणि प्रत्यार्पण टळलं.

साइट चालवून त्यानं जाहिरातींचे पैसे कमावले होते हेही खरं आहे, तो काही संत नव्हता. लोकांचा मुद्दा एवढाच होता की चालवा ना खटला, पण इथे चालवा, इथल्या कायद्यानं.

दुसरा प्रकार डोमेनचा. डॉट कॉमची नोंदवही सांभाळणारी कंपनी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आहे, त्यामुळे कुठल्याही देशातली डॉट कॉम साइट त्यांच्या कोर्टाच्या आवाक्यात. रोहादिरेक्ता ही स्पेनमधली साइट, तिथल्या कोर्टांनी कायदेशीर ठरवलेली, तरी २०११ च्या सुरुवातीला अमेरिकेनं तिचं डोमेन काढून घेतलं आणि दीड वर्षानं, ऑगस्ट २०१२ मध्ये परत दिलं. दीड वर्षं! भरपाई वगैरे काही नाही.

शाईपेन ताईंचा प्रश्न तिसरा आहे, परदेशी कंपनीला आपल्या कोर्टासमोर उभं कसं करायचं. त्यावर नंतर लिहितो, आत्ता कोर्टात तारीख आहे.

विस्तुला
मी त्या काळात पोलंडमध्ये क्राकोला नोकरीला होतो, म्हणून अ‍ॅक्टाबद्दल लिहितो कारण सोपाबद्दल सगळे बोलतात आणि अ‍ॅक्टा विसरतात, आणि खरा सीमा ओलांडणारा प्रकार तोच होता.

अ‍ॅक्टा म्हणजे नकली माल आणि पायरसी रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार. अमेरिका, जपान वगैरे देशांनी वर्षानुवर्षं बंद दाराआड वाटाघाटी केल्या, मसुदा लोकांना पहिल्यांदा कळला तो विकिलीक्सनं कागद फोडल्यावर, २००८ ला. अधिकृत मसुदा बाहेर आला एप्रिल २०१० मध्ये. आणि युरोपियन युनियननं सही करायची मंजुरी कुठल्या बैठकीत दिली माहितीय? डिसेंबर २०११ मध्ये शेती आणि मासेमारी मंत्र्यांच्या बैठकीत. हे कळलं तेव्हा आमच्या ऑफिसातला एरवी राजकारणावर चकार शब्द न काढणारा पोलिश टीमलीड टेबलावर हात आपटून बोलत होता. त्याच्या आईवडिलांनी सेन्सॉरची कात्री चाललेली पत्रं घरी घेतलेली होती, त्याला "सरकारनं गुपचूप ठरवलं" ह्या गोष्टीचाच संताप.

२६ जानेवारी २०१२ ला टोकियोत सह्या होणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी मी काम संपवून शहरात गेलो तर कडाक्याच्या थंडीत हजारो पोरं. शाळेतली म्हणावीत अशी, सोळा-सतरा वर्षांची. पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेलं "स्टॉप अ‍ॅक्टा", तोंडाला सेलोटेप लावलेली, काहींचे ते मिशीवाले पांढरे मुखवटे. कुठल्या पक्षाचा झेंडा नाही. एका मुलीच्या हातातला पुठ्ठा पिझ्झाच्या खोक्याचा होता, मागे तेलाचा डाग. मी तिला मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये विचारलं, तू सिनेमे डाउनलोड करतेस का म्हणून इथे आलीस? तर म्हणाली मी इथे आले कारण मला कुणी विचारलं नाही.

सही झाल्यावर पोलंडच्या संसदेत काही खासदार तेच मुखवटे लावून उभे राहिले. युरोपियन संसदेत ह्या कराराचं काम बघणारे फ्रान्सचे कादेर आरिफ यांनी त्याच दिवशी त्या कामाचा राजीनामा दिला. स्लोव्हेनियाच्या जपानमधल्या राजदूत हेलेना द्रनोवशेक झोर्को यांनी सही केल्याबद्दल स्वतःच्या देशाची जाहीर माफी मागितली. पंतप्रधान तुस्क आधी ठाम होते, ३ फेब्रुवारीला त्यांनी मंजुरी थांबवली. ११ फेब्रुवारीला युरोपभर मोर्चे, आणि ४ जुलैला युरोपियन संसदेनं ४७८ विरुद्ध ३९ मतांनी करार फेटाळला. १६५ तटस्थ.

चिंगी
४७८ विरुद्ध ३९! हे मला माहीतच नव्हतं. विस्तुला, मस्त लिहिलंत, वेगळा लेख होऊ शकेल ह्याचा.

मांडवीकाठ
अ‍ॅक्टाचा विषय निघालाच आहे तर भारताचा त्यातला खरा संबंध सांगतो, तो सिनेमा-गाण्यांचा नाहीच, औषधांचा आहे.

मी गोव्यात फार्मात आहे, एक्स्पोर्टचं काम बघतो. डिसेंबर २००८ ला डॉ. रेड्डीजचं लोसार्टन, म्हणजे ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं औषध, साधारण ५७० किलो, भारतातून ब्राझीलला चाललं होतं. वाटेत हॉलंडला थांबलं तर डच कस्टम्सनं माल अडवला. भारतात पेटंट नाही, ब्राझीलमध्ये पेटंट नाही, हॉलंडमध्ये आहे म्हणून अडवला, जिथे एकही गोळी विकायची नव्हती. माल शेवटी ब्राझीलला न जाता भारतात परत आला. पुढच्या काळात आपल्या आणखी कंपन्यांचा माल असाच अडकला. त्या दिवसांत आमच्या धंद्यातले लोक युरोपमार्गे बुकिंग घ्यायलाच घाबरायचे, दुसरा रूट म्हणजे वेळ जास्त आणि भाडं जास्त.

मे २०१० मध्ये भारत आणि ब्राझील दोघेही जागतिक व्यापार संघटनेत गेले. आणि त्याच वर्षी तिथल्या बैठकीत भारतानं, चीनच्या जोडीनं, अ‍ॅक्टावर जाहीर हरकत घेतली. कारण अ‍ॅक्टात कॉपीराइट, नकली माल, सीमेवरची जप्ती हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं. मेदसाँ साँ फ्राँतिए आणि ऑक्सफॅमसारख्या संस्था म्हणूनच अ‍ॅक्टाच्या विरोधात होत्या.

तेव्हा "भारतात बसून काही बोलायचं का" ह्याचं उत्तर, बोलायचं, आणि आपण तेव्हा बोललोही होतो.

फुलस्टॉप
सगळं ठीक आहे पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. सोपाच्या विरोधात उतरलेले कोण होते? गुगल, फेसबुक, ट्विटर. ह्यांना स्वातंत्र्याची फिकीर की लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंची जबाबदारी अंगावर येईल ह्याची? हॉलिवूडचा पैसा एका बाजूला, सिलिकॉन व्हॅलीचा दुसऱ्या बाजूला, मध्ये आपण सह्या करणारे. ७० लाख सह्या गुगलच्या पानावर काळी पट्टी लागली म्हणून झाल्या, उद्या गुगलला नको असेल तर एक सही होणार नाही.

सह्यकडा
फुलस्टॉप, कंपन्यांचा स्वार्थ होता, मान्य. पण क्राकोच्या पोरीला पिझ्झाचं खोकं गुगलनं दिलं नव्हतं. अ‍ॅक्टाच्या वेळी गुगलनं पान काळं केलं नव्हतं, तरी लोक आले. त्यामुळे सगळा विरोध कंपन्यांनी विकत घेतला होता हे मला पटत नाही.

फुलस्टॉप
पोलंडबद्दल मी बोललोच नाही. मी सोपाबद्दल बोलतोय. आणि लॉफग्रेन बाई आता बदलल्या त्याचं कारणही तपासा की, त्यांचा मतदारसंघ सिलिकॉन व्हॅलीत आहे आणि आज सिलिकॉन व्हॅलीतल्याच कंपन्या स्वतः सिनेमे बनवतात आणि विकतात. तेव्हा पायरसी दुसऱ्याच्या मालाची होत होती, आता स्वतःच्या मालाची होते.

विस्तुला
हा मुद्दा जबरदस्त आहे, मानलं.

गडहिंग्लजचा_पप्या
तुमी सगळे लांब अमेरिका-पोलंडात फिरालाय, आपल्याकडं २०१२ ला काय झालं ते बगा की राव.

मी तवा लग्नाचे आणि शॉर्टफिल्मचे व्हिडिओ करायचो, समदं काम व्हिमिओवर ठेवलेलं, गिऱ्हाइकाला लिंक पाठवायची आणि त्यानं बघून अ‍ॅडव्हान्स द्यायचा असा धंदा. मे महिना, लग्नसराई. सकाळी नेटकॅफेत बसलो तर व्हिमिओ उघडंना. पांढरं पान आणि एकच ओळ, कोर्टाच्या आदेशानं साइट बंद. कुठलं कोर्ट, कुठली केस, कायबी नाही. कंपनीला फोन केला तर ते पोरगं म्हणालं सर वरून ऑर्डर आहे. नंतर कळालं एका तमिळ सिनेमाची पायरसी होऊ नये म्हणून मद्रास हायकोर्टानं आदेश दिलेला आणि नेटवाल्यांनी अख्ख्या साइटी बंद करून टाकलेल्या, व्हिमिओ, पेस्टबिन, डेलीमोशन, समदं. चाळीतल्या एका खोलीत चोरीचा माल सापडला म्हणून अख्ख्या चाळीला कुलूप लावल्यागत. जूनमध्ये कोर्टानंच सांगितलं की बाबांनो आमी फकस्त ठराविक लिंकांबद्दल बोललो होतो. तोवर माझी लग्नसराई गेली.

चिंगी
पप्या, तेव्हाच ९ जूनला आझाद मैदानावर अनॉनिमस ह्या हॅकर गटवाल्यांनी निदर्शनं केली होती. मी गेले होते. ते पोलिश मुखवटेच, फक्त थंडीऐवजी घाम. पावसाळा तोंडावर, मुखवट्याच्या आत श्वास कोंडत होता. शंभरेक लोक असतील. पलीकडे दुसऱ्याच कसल्या तरी संघटनेचं उपोषण चालू होतं, तिथले एक आजोबा येऊन विचारून गेले, तुमची मागणी काय? आम्ही सांगितलं इंटरनेट. ते म्हणाले मिळत नाही का तुमच्याकडे?

न्यूजर्सीची_काकू
आजोबा भारीच!

मी आपली अवांतर बोलते. इकडे एडिसनला मराठी नाटक-सिनेमा बघायचा म्हणजे पूर्वी भारतीय वाणसामानाच्या दुकानातून कॅसेट भाड्यानं आणायची, डाळ-तांदळाच्या पिशव्यांमागे रॅक असायचा. त्या कायदेशीर होत्या का असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नसे. आता मी पैसे भरायला तयार आहे, कार्ड हातात घेऊन बसलेय, तर स्क्रीनवर येतं "तुमच्या देशात उपलब्ध नाही". आई पुण्यात एक सिनेमा बघते, मला फोनवर गोष्ट सांगते. रवी, तुमच्या निर्मात्यांना सांगा ना, आम्हाला विकत तरी द्या. इथल्या मंडळात निम्म्या घरात बेकायदेशीर डब्बे बसलेत ते ह्याचमुळे, फुकट हवं म्हणून नाही. ते डब्बेवाले तर महिन्याचे पैसे घेतात!

संकलक_रवी
काकू, खरंय तुमचं. परदेशातले हक्क बऱ्याचदा एकगठ्ठा विकले जातात आणि घेणारा ते वापरतही नाही, पडून राहतात. निर्मात्याच्या हातातच उरत नाही. मी हे सहीच्या टेबलावर बघितलंय, शेवटच्या पानावर "जगभरातील सर्व हक्क, कायमस्वरूपी" आणि निर्माता घाईत सही करतो कारण रिलीजला पैसे कमी पडत असतात.

वऱ्हाडी_ठेचा
मले येक सांगा, तो न्यूझीलंडचा जाडा भाऊ कोन होता? हेलिकॉप्टरनं धाड टाकली होती त्याच्या बंगल्यावर. त्याचं काय झालं पुढं?

वकीलनाना
ठेचाभाऊ, किम डॉटकॉम. मेगाअपलोड ही फाइली ठेवायची साइट त्याची. तारीख बघा, १८ जानेवारीला सोपाविरुद्ध ब्लॅकआउट आणि १९ ला अमेरिकेनं मेगाअपलोड बंद केलं. जर्मन माणूस, राहायचा ऑकलंडजवळ, कंपनी हाँगकाँगची, आणि अमेरिकेचा अधिकार कशावरून, तर काही सर्व्हर व्हर्जिनियात भाड्यानं घेतले होते आणि डोमेन डॉट कॉम. सोपा मंजूर न होताच हे झालं, म्हणजे नवा कायदा हवाच कशाला होता असं लोक विचारायला लागले.

पुढं न्यूझीलंडच्या हेरखात्यानं त्याच्यावर बेकायदा पाळत ठेवली होती हे उघड झालं आणि पंतप्रधान जॉन की यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर माफी मागितली. धाडीचं वॉरंट हायकोर्टानं अवैध ठरवलं, सुप्रीम कोर्टानं २०१४ ला वैध ठरवलं. ऑगस्ट २०२४ ला तिथल्या न्यायमंत्र्यांनी प्रत्यार्पणाच्या आदेशावर सही केली. त्याच्या दोन साथीदारांनी न्यूझीलंडमध्येच गुन्हा कबूल केला आणि तिथेच शिक्षा घेतली, २०२३ ला. म्हणजे तिथल्या कोर्टातही हे होऊ शकत होतंच ना?

मला मात्र डॉटकॉमपेक्षा दुसऱ्याच माणसाची काळजी वाटते. ओहायोत शाळांच्या मॅचेस शूट करणारा एक जण होता, त्याचं स्वतःचं काम मेगाअपलोडवर ठेवलेलं. त्यानं कुणाचं काही चोरलं नव्हतं. सर्व्हर सील झाले त्यात त्याच्या फाइली गेल्या आणि तो वर्षानुवर्षं कोर्टात त्या परत मागत राहिला. पप्याचीच गोष्ट, फक्त देश वेगळा.

शोधनिबंध
पीएचडीवाल्यांच्या वतीनं साय-हबबद्दल कुणीतरी बोलायलाच हवं.

कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांची साइट, शोधनिबंध मोफत. एल्सविअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टात आले. इथले शास्त्रज्ञ स्वतःहून कोर्टात गेले, आम्हाला पण ऐका म्हणून. आणि कोर्टानं लगेच बंदी न घालता ऐकलं, चार वर्षांच्या वर केस चालली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये ब्लॉकचा आदेश आलाच.

आता सरकारची एक राष्ट्र एक सदस्यता योजना आहे, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल. सरकारी संस्थांना खूप उपयोग झालाय, नाही म्हणणार नाही. पण मी तालुक्याच्या गावातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजात शिकवते, आम्ही त्यात नाही. एका निबंधाची किंमत तीस-चाळीस डॉलर दिसते, माझ्या तासिका तत्त्वावरच्या पगारात ते बसत नाही. आणि तो निबंध लिहिणाऱ्याला त्यातला एक पैसा मिळत नाही, म्हणून शाईपेन ताईंच्या लेखिकेची आणि ह्या प्रकाशकांची बाजू एकच आहे असं मला वाटत नाही.

शाईपेन
शोधनिबंध, तुझं म्हणणं पटतं गं. जिथे लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि मधलाच कमावतो तिथे माझा जीव तुटत नाही. पण कायदा दोघांना वेगळं कसं ओळखणार?

नाना, तुम्ही तिसऱ्या प्रकारावर लिहिणार होतात.

वकीलनाना
हो, लिहितो.

ताई, तुमच्या कामाचा निकाल दिल्ली हायकोर्टाचा आहे, ३० ऑगस्ट २०२२. स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या नीतू सिंग यांचं साहित्य टेलिग्रामवर फिरत होतं, अगदी तुमच्यासारखंच, चॅनेल बंद केलं की नवीन उगवायचं. टेलिग्रामनं सांगितलं की आमचे सर्व्हर सिंगापूरला, तिथल्या कायद्यानं आम्ही चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती देऊ शकत नाही. न्या. प्रतिभा सिंह म्हणाल्या ते चालणार नाही, भारतातल्या लेखकाच्या हक्काचा भंग भारतात होतोय तर माहिती द्यावी लागेल. आणि टेलिग्रामनं नावं, फोन नंबर सीलबंद दिले.

सह्यकडा
मग नाना हे पण सीमा ओलांडणंच झालं की. सिंगापूरच्या सर्व्हरवर दिल्लीचा आदेश. शिवाय आपली कोर्टं आता अमेरिकेतल्या डोमेन विकणाऱ्या कंपन्यांना पण आदेश काढतात, आणि २०२३ पासून तर दिल्ली हायकोर्ट अजून न बनलेल्या सिनेमांसाठीसुद्धा आधीच संरक्षण देतं. अमेरिकेनं केलं की दादागिरी आणि आपण केलं की न्याय, असं कसं?

विस्तुला
सह्यकडा, चांगलं पकडलंत. पण मला फरक दिसतो. टेलिग्रामच्या केसमध्ये टेलिग्राम कोर्टात हजर होतं, वकील लावून भांडलं, हरलं. आणि आदेश कुणाला बंद करायचा नव्हता, माहिती द्यायचा होता. रोहादिरेक्ताचं डोमेन गेलं तेव्हा मालकाला सकाळी उठल्यावर कळलं. क्राकोची मुलगी हेच तर म्हणत होती.

फुलस्टॉप
फरक आहे, पण देशांच्या ताकदीचा फरक पण धरा. दिल्लीचा आदेश अमेरिकेतल्या कंपनीनं नाही मानला तर आपण फार तर तिची साइट इथे बंद करू. अमेरिकेनं कार्डाचे पैसे तोडले तर माणूस जगभरात बुडाला. शिवाय दरवर्षी त्यांचा तो स्पेशल ३०१ अहवाल येतो, कुठला देश कॉपीराइट-पेटंट नीट सांभाळत नाही ह्याची यादी, त्यात भारत प्रायॉरिटी वॉच लिस्टवर. म्हणजे कायदा तिकडचा नाही लागला तरी तुमचा कायदा कसा असावा ह्यावर दाब आहेच. आपण कधी त्यांची अशी यादी काढली का?

गडहिंग्लजचा_पप्या
काढूया की! पयल्या नंबरला कोल्हापुरी चपलांची नक्कल करनारे.

मांडवीकाठ
पप्या हाहा, ते तर झालंच २०२५ ला, इटलीच्या फॅशनवाल्यांबरोबर.

इटलीवरून आठवलं. तिकडं २०२४ पासून पायरसी शील्ड नावाची यंत्रणा आहे. फुटबॉलच्या हक्कवाल्यांनी पत्ता टाकला की अर्ध्या तासात देशभर ब्लॉक, आधी कोर्ट नाही. त्या ऑक्टोबरात चुकून गुगल ड्राइव्हचंच डोमेन ब्लॉक झालं, शनिवारी रात्री. स्पेनमध्ये तर ला लिगा ह्या फुटबॉल लीगच्या मॅचच्या वेळी क्लाउडफ्लेअर ह्या कंपनीचे, अनेक साइट मिळून वापरतात ते, पत्ते ब्लॉक होतात आणि त्याच पत्त्यावरची बिचारी दुकानं, छोट्या साइट मॅच संपेपर्यंत बंद. आमच्या एका स्पॅनिश गिऱ्हाइकाची ऑर्डर साइट वीकएंडला उघडत नाही, तो मेल पाठवून ऑर्डर देतो. २०१२ मध्ये ज्या युरोपनं अ‍ॅक्टा पाडला, तिथेच हे चाललंय.

सह्यकडा
म्हणूनच मी विचारलं होतं तो विरोध गेला कुठे. सोपाच्या वेळी एक मोठं विधेयक होतं, त्याला नाव होतं, तारीख होती, लोकांना बोट दाखवायला जागा होती. आता केस बाय केस आदेश, एकेक देश, एकेक लीग. मोर्चा काढायचा तर कुठे काढायचा?

लॉफग्रेन बाईंच्या विधेयकाबद्दल न्यायानं बोलायचं तर त्यात कोर्टाचा आदेश लागतो आणि इंटरनेट पुरवणाऱ्यांपैकी एक लाखाच्या वर ग्राहक असलेल्या कंपन्यांनाच ते लागू होणार. सोपापेक्षा सौम्य आहे, मान्य. पण डीएनएस पुरवणाऱ्या कंपन्या तर जगभराला सेवा देतात, मी पुण्यात बसून त्यांचंच डीएनएस वापरतो. तिकडे काढलेली नोंद फक्त तिकडच्यापुरतीच निघेल ह्याची खात्री कोण देणार?

शाईपेन
मी पहिल्या प्रतिसादात रागानं लिहिलं होतं, आणि राग अजून आहे. पण पप्याची लग्नसराई बुडवून माझं पुस्तक वाचणार असेल तर तसा कायदा मला नको. मला काय हवं ते सांगते. माझ्या पुस्तकाची ती एक लिंक काढा, लवकर काढा, आठवड्याच्या आत. चॅनेलवाल्याचं नाव मला द्या, मी इथल्या कोर्टात जाते. आणि तक्रारीचा फॉर्म मराठीत द्या! एवढ्यासाठी कुणाचं डोमेन जप्त करायला लागत नाही, कुणाला विमानात घालून न्यायला लागत नाही.

शोधनिबंध
शाईपेन ताई, ह्याला माझी सही.

संकलक_रवी
माझी पण, फक्त सिनेमाला आठवडा फार झाला, तोवर सिनेमा उतरलेला असतो. आम्हाला तासांमध्ये हवं. पण लिंकपुरतं, साइट नको, हे मान्य.

वऱ्हाडी_ठेचा
नाना, उद्या माही साइट चुकून बंद झाली तर म्या काय करू? सातबाऱ्याची माहिती देनारा ब्लॉग हाय माहा, त्याले कोनतं कोर्ट?

वकीलनाना
ठेचाभाऊ, हा प्रश्न मुंबई हायकोर्टानं २०१६ मध्ये हाताळलाय. त्या वर्षी ब्लॉक केलेल्या साइटवर एक भीतिदायक सूचना यायला लागली होती, की नुसतं पाहिलंत तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. लोक घाबरून मोबाइल फॉरमॅट करत होते. न्या. गौतम पटेल यांनी सांगितलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, सूचना बदला, आणि तिथे केसचा तपशील द्या म्हणजे ज्याची साइट चुकून बंद झाली त्याला कुठे दाद मागायची ते कळेल. अख्ख्या साइट बंद करून मागणाऱ्या निर्मात्यांनाही त्यांनी आधी एकेक लिंक तपासून आणा म्हणून परत पाठवलं होतं.

तेव्हा असं झालं तर आधी ब्लॉकच्या पानाचा स्क्रीनशॉट काढ, तारीख-वेळ दिसेल असा. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर उघडून बघ आणि कुठे बंद, कुठे चालू ते लिहून ठेव. कंपनीला लेखी विचार की कुठल्या आदेशानं बंद केलं, आणि दूरसंचार विभागाला माहितीच्या अधिकारात तोच प्रश्न टाक. आदेशाचा नंबर मिळाला की ज्या कोर्टाचा आदेश आहे तिथेच अर्ज करायचा, अमरावतीहून दिल्लीला जावं लागलं तरी अर्ज तिथेच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, नमुना पाठवतो.

वऱ्हाडी_ठेचा
केला व्यनि. पप्याभाऊ, तुमच्याकडं तो २०१२ चा स्क्रीनशॉट असन तर तोही टाका ना इथं.

गडहिंग्लजचा_पप्या
हार्डडिस्क शोधतो रविवारी.